मारिंब्याची एकल रचना

लाकडाच्या तुकड्यावर टोला मारला तर 'टक्' असा आवाज होतो आणि तो तेथेंच संपतो. सुताराच्या दुकानावरून जातांना हा आवाज आपण पुष्कळदां ऐकतों, पण त्याला संगीत म्हणावें असें आपल्या मनांतहि येत नाहीं. तथापि ह्याच लाकडी टोल्यांतून, दुसऱ्या कोणत्याहि वाद्याच्या साथीवांचून, एकट्या माणसानें दहा-पंधरा मिनिटें सभागृह खिळवून ठेवावें, असें संगीत रचण्याचा उद्योग गेल्या साठ-सत्तर वर्षांत मोठ्या निष्ठेनें झाला आहे. ज्या वाद्यासाठीं तो झाला त्याचें नांव मारिंबा. वादकाचें सगळें कसब पणास लावणारी एकल रचना ह्या वाद्यासाठीं कशी करतात, रचनाकारापुढें कोणत्या अडचणी उभ्या राहतात आणि त्यांतून तो वाट कशी काढतो, हें आज सांगण्याचा माझा विचार आहे.

आपल्याकडील वाद्यवृंदांत ज्यांनीं काष्ठतरंग ऐकला असेल त्यांना ह्या वाद्याची कल्पना चटकन् येईल. पियानोच्या पट्ट्या जशा दोन रांगांत असतात तशाच लाकडाच्या पट्ट्या येथें एका लांब चौकटीवर मांडलेल्या असतात, आणि प्रत्येक पट्टीखालीं तिच्या स्वराशीं जुळणारी धातूची एकेक नळी उभी टांगलेली असते. वादक उभा राहून काठ्यांनीं टोले देतो. काठीच्या टोकाला रबराचा गोळा असून त्यावर सूत गुंडाळलेलें असतें. वाद्याचें नांव आफ्रिकेंतील बांटू भाषांतलें आहे. गुलाम म्हणून नेलेल्या आफ्रिकन लोकांबरोबर ह्या वाद्याची कल्पना मध्य अमेरिकेंत गेली असें मानतात. ग्वाटेमालांत तर तें इतकें रुजलें कीं १९७८ सालीं त्या देशानें त्यास आपलें राष्ट्रीय वाद्य म्हणून जाहीर केलें. तिकडच्या जुन्या मारिंब्यांत नळ्यांच्या जागीं भोपळे असत. भोपळा म्हटल्यावर आपल्याला तंबोरा आठवतो, आणि युक्ति मुळांत तीच आहे: पोकळींतल्या हवेकडून नाद वाढवून घ्यावयाचा.

विसाव्या शतकाच्या आरंभीं अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील कारखानदारांनीं ह्या वाद्याला धातूच्या नळ्या बसविल्या, आणि तें करमणुकीच्या कार्यक्रमांत शिरलें. १९३३ सालीं शिकागोच्या मोठ्या प्रदर्शनांत क्लेअर ओमर मसर ह्यांनीं शंभर मारिंबावादकांचा ताफा उभा केला होता. शंभर माणसें एकदम टोले देऊं लागलीं म्हणजे लोक तोंडांत बोट घालतात, ह्यांत नवल नाहीं. परंतु त्या एका वाद्याचें स्वतःचें म्हणणें काय, हा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. वादकांपाशीं होतें काय, तर पियानोचे व व्हायोलिनचे उसने तुकडे आणि लोकप्रिय चाली. १९४० सालीं पॉल क्रेस्टन ह्यांनीं मारिंबा व वाद्यवृंद ह्यांसाठीं एक छोटी रचना लिहिली आणि रूथ स्ट्यूबर ह्या वादिकेनें ती न्यूयॉर्क येथें प्रथम वाजविली. ह्या प्रकारची ती पहिलीच गंभीर रचना समजली जाते. पण तेथेंहि मारिंब्यामागें वाद्यवृंद उभा होता. एकट्या मारिंब्यानें उभें राहण्यास आणखी बराच काळ जावयाचा होता.

हें एकटें उभें राहणें अवघड कां, हें समजण्यास पट्टीचें शास्त्र थोडें पाहिलें पाहिजे. शाळेंत ध्वनीचा धडा शिकवितांना मी मेजाच्या कडेवर फूटपट्टी दाबून धरून तिचें मोकळें टोक छेडीत असें. मुलांना कंपनें डोळ्यांनीं दिसत. मारिंब्याची पट्टी दोन्ही टोकांनीं मोकळी असते. ती कांपूं लागली म्हणजे तिच्यावर दोन जागा अशा राहतात कीं त्या जवळजवळ हालत नाहींत. प्रत्येक टोकापासून लांबीच्या शेंकडा सुमारें २२ भागांवर त्या येतात. तेथेंच आडवें भोंक पाडून पट्टी दोरीवर ओवतात, म्हणजे दोरीमुळें नाद मारला जात नाहीं. साध्या, सरळ पट्टीचा पहिला उपस्वर मूळ स्वराच्या सुमारें पावणेतीन पट कंपनांचा असतो. तो मूळ स्वराशीं जुळत नाहीं, आणि म्हणून कान म्हणतो, हें लाकूड आहे. कारागीर पट्टीच्या पोटाखालून कमान कोरीत जातो. कमान खोल होईल तसा मूळ स्वर खालीं उतरतो व उपस्वराचें त्याच्याशीं असलेलें अंतर वाढत जातें. तें बरोबर चौपट झालें कीं कारागीर हात आंखडतो; कारण चौपट कंपनें म्हणजे दोन सप्तकें वरचा तोच स्वर. झायलोफोन नांवाच्या ह्याच जातीच्या वाद्यांत तो तिपटीवर थांबतो, म्हणून त्याचा नाद टणक व टोंचणारा, तर मारिंब्याचा गोल आणि मऊ.

आतां नळी. ती तळाशीं बंद असते, आणि तिची लांबी त्या स्वराच्या तरंगलांबीच्या चतुर्थांश ठेवतात. पांच सप्तकांच्या मोठ्या मारिंब्याचा सर्वांत खालचा स्वर सेकंदास सुमारें ६५ कंपनांचा असतो. त्याला लागणारी नळी सव्वा मीटरहून लांब, म्हणजे वाद्याच्या उंचीपेक्षां अधिक भरते. म्हणून ती वळवावी लागते, किंवा तिला पेटीसारखा रुंद आकार द्यावा लागतो. नळीनें नाद मोठा होतो खरा, पण तो फुकट होत नाहीं. टोल्यानें पट्टींत जी शक्ति आली ती नळी भराभर हवेंत उधळते, आणि पट्टी लौकर गप्प होते. खालचे स्वर दोन-तीन सेकंद तरी घुमतात. वरच्या टोकाचा स्वर अर्धा सेकंदहि टिकत नाहीं. रचनाकाराच्या सगळ्या विवंचनेचें मूळ येथें आहे.

गवई एक स्वर लावतो, तो धरून ठेवतो, फुगवितो, बारीक करतो, त्याला किंचित् हेलकावा देतो. बासरी आणि सारंगी ह्यांनाहि हें साधतें. सतारीची तार छेडल्यावर ती ओढून मींड काढतां येते. जलतरंगाचा वादकहि पाण्याला काठी लावून स्वर थोडा वळवूं शकतो. मारिंबावादकाची काठी पट्टीवरून उचलली गेली कीं त्या स्वरावरची त्याची सत्ता संपली. स्वर जन्मला कसा एवढेंच त्याच्या हातीं. तो जगला कसा हें त्याच्या हातीं नाहीं. आणि श्रोत्याला तर स्वर जगावा असें वाटत असतें. तेव्हां मारिंब्यासाठीं रचना करणें म्हणजे ज्या स्वरांना लांबी नाहीं त्यांच्यापासून लांबीचा भास उत्पन्न करणें होय, आणि वादकाचें कसब मुख्यतः त्या भासासाठीं खर्ची पडतें. वादक फार भराभर वाजवितो म्हणून आपण थक्क होतों. परंतु त्या घाईच्या मुळाशीं पुष्कळदां ही स्वर टिकविण्याचीच धडपड असते, हें ध्यानांत येत नाहीं.

ह्या धडपडीचा सर्वांत जुना उपाय म्हणजे एकाच पट्टीवर दोन काठ्यांनीं आळीपाळीनें सतत टोले देणें. ह्याला रोल म्हणतात. टोले पुरेसे दाट पडले कीं कान त्यांना जोडून घेतो व स्वर सलग वाटतो. ते किती दाट हवेत हें पट्टीवर अवलंबून आहे. खालच्या पट्टीवर सावकाश टोले पुरतात, उलट दाट केले तर खडखड होते. वरच्या पट्टीवर ते फार जलद पाडावे लागतात, नाहीं तर मध्यें भोंकें पडतात. म्हणून चढत जाणाऱ्या एका साध्या गतांत वादकाला आपला वेग प्रत्येक स्वरागणिक नकळत बदलावा लागतो. जुन्या वादकांनीं मात्र ह्या युक्तीचा अतिरेक केला. प्रत्येक लांब स्वर थरथरणारा, प्रत्येक चाल कापऱ्या आवाजाची; असें अर्धा तास ऐकल्यावर कान विटतो. माझ्या मतें मारिंब्याच्या चांगल्या रचनेची पहिली खूण हीच कीं तींत रोल जपून वापरलेला असतो.

रोलमध्यें दुसरी एक अडचण होती. त्यांत दोन्ही हात एकाच स्वरावर गुंतून पडतात. ती दूर होण्यास एका हातांत दोन काठ्या धरण्याची पद्धति सुधारावी लागली. चार काठ्या, प्रत्येक हातांत दोन, हा प्रघात जुनाच होता. परंतु त्या बहुधा चार स्वर एकदम वाजविण्यापुरत्या असत. अमेरिकेचे ली हॉवर्ड स्टीव्हन्स ह्यांनीं चारी काठ्यांच्या स्वतंत्र हालचालीचा पद्धतशीर अभ्यास केला आणि १९७९ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत एका हातानें होणाऱ्या टोल्यांचे चार प्रकार त्यांनीं पाडले: एकच काठी पुनःपुन्हां पडणारा, एका हाताच्या दोन काठ्या आळीपाळीनें पडणारा, दोन्ही एकदम पडणारा, आणि मनगटाच्या एकाच वळशांत एकीमागून लगेच दुसरी पडणारा. ह्याच अभ्यासाच्या बळावर एका हाताचा रोल प्रचारांत आला. मनगट फिरवीत एकाच हाताच्या दोन काठ्यांनीं स्वर धरून ठेवावयाचा आणि दुसरा हात मोकळा ठेवावयाचा. मग डावा हात खालीं स्वर धरून आहे व उजवा वर बोलतो आहे, असें दुपदरी संगीत लिहितां येऊं लागलें. हातांना नवी गोष्ट करतां आली तेव्हां रचनाकाराला नवी गोष्ट सुचली. संगीताच्या इतिहासांत हा क्रम आपण समजतों त्यापेक्षां फार अधिक वेळां दिसतो.

आपल्याकडे तबल्याचे बोल हेंच दाखवितात. 'तिरकिट' किंवा 'धिरधिर' हे बोल कोणी कागदावर बसून शोधून काढलेले नाहींत. बोटांना व पंजाला जें लागोपाठ करणें सोयीचें त्यांतून ते निपजले आणि मग त्यांचे कायदे व गती झाल्या. मारिंब्याचा जाणता रचनाकारहि तसेंच करतो. तो आधीं हाताची एक आकृति निवडतो, उदाहरणार्थ डाव्याची बाहेरची काठी, डाव्याची आंतली, उजव्याची आंतली, उजव्याची बाहेरची, आणि तीच आकृति कायम ठेवून तिच्याखालच्या पट्ट्या बदलीत जातो. हात तेंच करीत असतात, कानाला मात्र नवा सुर-समूह ऐकूं येतो. ह्यामुळें वेग सहज वाढवितां येतो, आणि चार टोल्यांपैकीं एकावर जरा जोर दिला कीं त्या जोर दिलेल्या स्वरांची एक वेगळीच चाल श्रोत्याला वर तरंगतांना ऐकूं येते. ती चाल कोणी धरून ठेवलेली नसते. ती आपला कानच विणतो. बाखनें एकट्या व्हायोलिनसाठीं व चेलोसाठीं लिहिलेल्या कृतींत ही विद्या पराकोटीस गेलेली आहे. मारिंबावादक त्या कृति आपल्या वाद्यावर इतक्या आवडीनें वाजवितात ह्याचें कारण तेंच असावें.

पियानोपुढें बसून मारिंब्यासाठीं लिहिणारा मनुष्य नेमका येथें फसतो. पट्ट्यांची मांडणी दोहोंची सारखी, म्हणून वाजविणेंहि सारखें, असें त्याला वाटतें. परंतु पियानोवादकाच्या हाताला पांच बोटें आहेत, तीं पट्ट्यांवर टेकलेलीं असतात, आणि एक सप्तक किती लांब हें त्याचा पंजा न पाहतां जाणतो. मारिंबावादकाच्या एका हाताला जणूं दोनच बोटें, तींहि हातभर लांब, आणि टोला पडेपर्यंत त्यांचा पट्टीला स्पर्श नाहीं. शिवाय पट्ट्यांची रुंदी सर्वत्र सारखी नाहीं. वरच्या बाजूस त्या अरुंद असल्यामुळें एका हातांत सप्तक सहज मावतें; खालीं उतरावें तसतशा त्या रुंद होतात आणि तेंच सप्तक हाताबाहेर जातें. एका हाताची एक काठी पुढच्या रांगेवर व दुसरी मागच्या रांगेवर पडावयाची असेल, तर कोपर बाहेर काढून मनगट वळवावें लागतें. असे दोन-तीन सुर-समूह ओळीनें आले म्हणजे वादकाचें शरीर वेडेंवांकडें होतें, आणि श्रोत्याला त्यांतलें कांहींच ऐकूं येत नाहीं.

आणि डोळ्यांचें काय? पांच सप्तकांचा मारिंबा सुमारें नऊ फूट लांब असतो, आणि त्याच्या ६१ पट्ट्या असतात. डावा हात एका टोकाला व उजवा दुसऱ्या टोकाला पाठविला, तर वादकानें पाहावयाचें कोणीकडे? रचनाकारानें अशा वेळीं एक हात ओळखीच्या जागीं स्थिर ठेवून दुसऱ्याला उड्या मारूं द्याव्या. दोघांना एकदम अज्ञातांत ढकलूं नये. लिहिलेलें संगीत समोर ठेवून वाजविणेंहि ह्याच कारणामुळें जवळजवळ अशक्य होतें. अवघड एकल रचना वादकाला पाठ करावीच लागते. म्हणून ती पाठ होण्याजोगी असणें हा देखील रचनेचा गुण मानावा लागतो.

काठ्यांची निवड ही आणखी एक भानगड आहे. मऊ काठीनें खालचा स्वर भरदार येतो, पण वरच्या पट्टीवर ती नुसती थबथब करते. कठीण काठीनें वरचा स्वर लखलखीत येतो, पण खालच्या पट्टीवर ती मूळ स्वर न उठवितां केवळ ठोका ऐकविते. शिवाय जोराचा टोला बसला तर पट्टी तडकण्याची भीति असते. ह्या पट्ट्या मध्य अमेरिकेंतील एका जातीच्या शिसवाच्या केलेल्या असतात, आणि तें लाकूड आतां दुर्मिळ झालें आहे. म्हणून चार काठ्या चार प्रकारच्या, डावीकडून उजवीकडे कठीण होत जाणाऱ्या, घेण्याची चाल आहे. तशी निवड केली कीं डाव्या हातानें वर जाणें व उजव्यानें खालीं उतरणें ह्यांवर बंधन आलेंच. तें पहिल्या ओळीपासून मनांत ठेवून लिहावें लागतें, कारण वाजवितांना मध्येंच काठ्या बदलण्यास जी सवड लागते ती रचनेंतच ठेवलेली असावी लागते. कोणत्या काठीनें कोणता स्वर घ्यावा हें आंकड्यांनीं लिहितात. पण गंमत अशी कीं कांहीं जण डावीकडून १ ते ४ मोजतात आणि कांहीं जण उजवीकडून. नवशिक्यानें पुस्तकाचें पहिलें पान न वाचतां आरंभ केला, तर सारी रचना उलटी बसावयाची!

आतां ज्या बाईंनीं ह्या वाद्याचें नशीब पालटलें त्यांच्याकडे येतों. केइको आबे ह्यांचा जन्म १९३७ सालीं टोकियो येथें झाला. त्या लहानपणीं झायलोफोन वाजवीत. १९५० सालीं लॉरेन्स लाकूर ह्या अमेरिकन धर्मोपदेशकानें कांहीं मारिंबा जपानांत आणले, आणि त्यांचा नाद ऐकून ह्या मुलीचें मन त्यांवर बसलें. पुढें मारिंबावादनावर त्यांचा चरितार्थ उत्तम चालला असता. तीन मारिंबांचा मेळ करून त्यांनीं लोकप्रिय चालींच्या ध्वनिमुद्रिका काढल्याहि होत्या. परंतु ज्या वाद्याला स्वतःचें वाङ्मय नाहीं तें कितीहि गोड वाजलें तरी करमणुकीच्या दालनाबाहेर पाऊल टाकीत नाहीं, हें त्यांनीं ओळखलें. १९६० नंतर त्या एकेका जपानी रचनाकाराकडे जाऊन मारिंब्यासाठीं लिहा म्हणून विनवूं लागल्या. तोशिमित्सु तानाका, आकिरा मियोशी, मिनोरु मिकी ह्यांनीं त्यांच्यासाठीं रचना केल्या, आणि १९६८ सालीं आबेबाईंनीं टोकियोंत अशा नव्या जपानी रचनांचाच एक कार्यक्रम केला. मिकी ह्यांची त्याच वर्षाची 'मारिंब्यासाठीं काल' ह्या अर्थाच्या नांवाची एकल रचना आज जगांतील बहुतेक संगीतविद्यालयांत शिकविली जाते. मुख्यतः सहा स्वरांच्या एकाच मालिकेवर ती उभारलेली आहे. थोड्या स्वरांतून पुष्कळ काढण्याची ही रीति मारिंब्याला फार मानवते, कारण तेच स्वर वेगळ्या सप्तकांत, वेगळ्या काठीनें, वेगळ्या दाटीनें आले कीं नवे वाटतात.

आबेबाई स्वतःहि रचना करूं लागल्या. त्यांची पद्धति आपल्या गवयांना परकी वाटणार नाहीं. त्या कागद घेऊन बसत नाहींत. वाद्यापुढें उभ्या राहून उत्स्फूर्त वाजवीत जातात, आणि त्यांतलें जें टिकाऊ वाटेल तें मागाहून बांधून लिहितात. १९७९ सालची 'मिची', म्हणजे 'रस्ता', ही त्यांची सुप्रसिद्ध रचना अशा वादनांतूनच घडली. १९८४ सालच्या एका रचनेंत 'साकुरा' ह्या जपानांत घरोघर ठाऊक असलेल्या गीताचे तुकडे घेतले आहेत. वाद्यापुढें उभें राहून रचना केल्याचा लाभ असा कीं तींत हाताला न पटणारें कांहीं येतच नाहीं. धोकाहि आहे. हाताला जें सोपें तेंच पुनःपुन्हां येण्याचा संभव असतो, आणि पुष्कळ वादक-रचनाकारांच्या कृति ह्या खड्ड्यांत पडल्या आहेत. आबेबाई त्यांतून बऱ्याच अंशीं वांचल्या, कारण आधीं त्यांनीं इतरांच्या कठीण रचनांशीं वर्षानुवर्षें झुंज घेतली होती. त्यांच्या मागणीनुसार यामाहा ह्या कारखान्यानें वाद्यहि सुधारलें व त्याचा विस्तार खालीं वाढवून पांच सप्तकांचा केला.

हा खालचा विस्तार रचनेच्या दृष्टीनें किती महत्त्वाचा ठरला तें पाहा. अगदीं खालचा एक स्वर टोल्यानें उठविला कीं तो दोन-तीन सेकंद घुमत राहतो. तेवढ्या अवकाशांत डावा हात वर जाऊन मधल्या सप्तकांत भर घालूं शकतो, आणि नाद विझण्यापूर्वीं खालीं परत येऊन पुन्हां टोला देऊं शकतो. श्रोत्याला तळाशीं तंबोऱ्यासारखा एक आधार, मध्यें हालचाल आणि वर चाल, असे तीन पदर ऐकूं येतात, वाजविणारा एकच. परंतु हाताला किती वेळानें परतावें लागेल हें ठरविणार कोण? ती पट्टी. तिचा नाद जितका टिकेल तितकीच वाक्याची लांबी. लाकडाचा एक तुकडा अशा रीतीनें रचनेचा श्वास ठरवितो. ह्याची दुसरी बाजू अशी कीं पियानोप्रमाणें नाद आपोआप थांबविण्याची सोय येथें नाहीं. खालच्या पट्ट्यांवर जलद पळापळ केली तर सगळे नाद एकमेकांत मिसळून चिखल होतो. म्हणून खालीं मोजकें बोलावें आणि वर धांवावें असा साधारण नियम पडला आहे. नाद तोडावयाचाच असेल, तर काठी टोल्यानंतर न उचलतां पट्टीवर दाबून ठेवतात. तेव्हां येणारा कोरडा ठोका नेमक्या जागीं पडला तर फार परिणामकारक होतो.

पाश्चात्य देशांतहि वादकांनींच पुढाकार घेतला. विल्यम मोअर्श, ली हॉवर्ड स्टीव्हन्स आणि गॉर्डन स्टाउट ह्या तिघां अमेरिकन वादकांनीं मिळून नामांकित रचनाकारांकडून एकल रचना लिहवून घेतल्या. त्यांतूनच १९८६ सालीं जेकब ड्रकमन ह्यांची पाण्याच्या स्वरूपावरील सहा छोट्या भागांची रचना झाली. स्फटिकासारखें, वेगवान्, शांत, हळूहळू फुगणारें, गंभीर आणि अखेर न थांबणारें, अशीं पाण्याचीं सहा रूपें तींत आहेत. मला ह्या योजनेचें कौतुक वाटतें तें अशासाठीं कीं तींत कसब एकाच जातीचें ठेवलेलें नाहीं. वेगवान् भागांत हात दमतात, तर शांत भागांत संयम दमतो. हळुवार आणि तरीहि प्रत्येक स्वर सारखा वाजविणें हें गडगडाटापेक्षां कठीण आहे, असें वादक लोकच सांगतात. जोराच्या टोल्यांत उणीव झांकली जाते. हळू टोल्यांत ती उघडी पडते.

येथें अवघडपणाविषयीं एक गोष्ट सांगितली पाहिजे. मारिंब्यावर जें फार अवघड दिसतें तें पुष्कळदां सोपें असतें. दोन्ही हात आळीपाळीनें टाकीत वरपासून खालपर्यंत धांवत येणें, ह्यानें लोक हमखास टाळ्या वाजवितात. चांगला विद्यार्थी तें थोड्या महिन्यांत शिकतो. उलट एका हाताच्या रोलवर स्वर धरून दुसऱ्या हातानें निराळ्या लयींत चाल वाजविणें, हें साधण्यास वर्षें लागतात, आणि श्रोत्याला तें लक्षांतहि येत नाहीं. रचनाकाराला दोन्ही ठाऊक असावीं लागतात. पहिल्या प्रकाराचा तो हिशेबानें उपयोग करतो, बहुधा शेवटाकडे. कारण एव्हांना वादक थकलेला असतो आणि त्याला असें कांहीं हवें असतें कीं जें ऐकावयास भव्य पण हाताला परिचित. दुसऱ्या प्रकाराला तो मध्यावर, वादकाचे हात तापलेले पण ताजे असतांना, जागा देतो. थकव्याचा असा आलेख न मांडतां लिहिलेली रचना कागदावर कितीहि सुरेख दिसली, तरी सभागृहांत ती शेवटच्या दोन मिनिटांत कोसळते.

म्हणूनच चांगला रचनाकार आपलें लेखन पुरें होण्याआधींच वादकाकडे नेतो. वादक एखादी ओळ वाजवून दाखवितो आणि म्हणतो, हें होतें, पण ह्या वेगानें नाहीं. किंवा हा स्वर उजव्या आंतल्या काठीऐवजीं डाव्यानें घेतला तर पुढची उडी मिळते. कित्येकदां ह्या एका फरकानें पुढची सारी ओळ बदलते, आणि बदललेली ओळ मूळच्यापेक्षां सरस निघते. संगीत कोणाचें, लिहिणाऱ्याचें कीं वाजविणाऱ्याचें, असा वाद मग कोणी घालीत नाहीं.

ज्यांना हीं वादनें ऐकण्याची इच्छा होईल त्यांना आतां तीं घरबसल्या सहज मिळतात. प्रथम 'मिची' ऐकावी आणि शक्य असेल तर वादकाचे हात पाहत ऐकावी. नंतर तीच पुन्हां डोळे मिटून ऐकावी. मग मिकी ह्यांची रचना, आणि तिच्या पाठोपाठ ड्रकमन ह्यांच्या सहा भागांतला तिसरा. रेडिओचा किंवा यंत्राचा कर्णा लहान असेल तर अगदीं खालचे स्वर त्यांतून नीट उमटत नाहींत, तेव्हां त्यासाठीं कानाला लावावयाचें चांगलें यंत्र वापरणें बरें.